कुठून आलं, कुठे गेलं: विज्ञानकथेतल्या परक्या यानांचा आढावा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून खानदेशापर्यंत गच्चीवर, अंगणात, रस्त्यावर असलेल्या लोकांनी जळत्या ठिणग्यांची एक रांग आकाशातून सरकताना पाहिली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. त्याच तालुक्यातल्या पवनपारच्या शिवारात धातूचा एक गोळा सापडला. उल्का, विमान, उपग्रह, उडती तबकडी असे सगळे तर्क मोबाइलवरून फिरले. मग अवकाशातल्या वस्तूंच्या कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनी वेळ आणि मार्ग जुळवून पाहिला. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तो वरचा टप्पा असावा, असं त्यांनी सांगितलं. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ अवशेष तपासायला गावात आले.

आकाशातून अनोळखी यंत्र आलं की माणूस दोन गोष्टी विचारतो. हे कुणी पाठवलं? आणि आता याचं पुढे काय होणार? विज्ञानकथेत अशी यंत्रं पाऊणशे वर्षं येत आहेत, आणि या कथांचा सारा जीव याच दोन प्रश्नांत आहे. कथा एकापाठोपाठ एक वाचत गेलं की लक्षात येतं, ते प्रश्न वेगवेगळे नाहीत. यान हाती राहिलं तर त्याचं मूळ शोधता येतं. निघून गेलं तर मूळही त्याच्याबरोबर जातं. यानाचं भवितव्य ठरवताना लेखक वाचकाला किती कळू द्यायचं तेही ठरवून टाकतो. प्रत्यक्ष विज्ञानातही गेल्या काही वर्षांत हेच घडताना दिसलं आहे.

अशा कथांच्या पहिल्या घराण्याची मूळ कथा आर्थर सी. क्लार्क यांची ‘द सेंटिनल’. बीबीसीच्या एका स्पर्धेसाठी त्यांनी ती १९४८ मध्ये लिहिली. स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं नाही. छापून आली १९५१ मध्ये. चंद्रावरच्या एका पठारावर मानवी पथकाला स्फटिकासारखा पिरॅमिड सापडतो. चंद्रावर कधीच कुणी राहिलेलं नाही, म्हणजे तो बाहेरून आणून ठेवलेला. त्याभोवतीचं अदृश्य कवच फोडायला माणसांना वीस वर्षं लागतात, आणि शेवटी अणुशक्ती वापरावी लागते. त्यात पिरॅमिड नष्ट होतो. मग कथेच्या निवेदकाला उमगतं, की तो पहारेकरी होता. इतके दिवस तो संकेत पाठवत होता. संकेत थांबले याचा अर्थ, पृथ्वीवर चंद्रापर्यंत पोहोचणारा आणि अणू फोडणारा जीव तयार झाला आहे. यान नष्ट होणं हाच त्याचा निरोप आहे. पाठवणारे आता येणार, इतकं कळतं. ते कसे असतील ते कळत नाही.

याच बीजातून स्टॅन्ले कुब्रिक यांचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपट आणि क्लार्क यांची त्याच नावाची कादंबरी १९६८ मध्ये आली. पिरॅमिडची जागा काळ्या, गुळगुळीत शिळेने घेतली. कादंबरीत तिच्या बाजूंचं प्रमाण १:४:९ असं आहे, म्हणजे पहिल्या तीन आकड्यांचे वर्ग. एवढ्या तपशिलावरून ती वस्तू निसर्गाने घडवलेली नाही हे सिद्ध होतं. कुब्रिक यांनी चित्रपटात शिळेचे कर्ते कधी दाखवले नाहीत. क्लार्क यांनी मात्र कादंबरीत आणि पुढच्या तीन भागांत त्यांच्याबद्दल थोडं थोडं सांगत नेलं. १९८२ च्या ‘२०१०’ मध्ये असंख्य शिळा मिळून गुरू ग्रहाचा तारा करतात. १९९७ च्या ‘३००१’ मध्ये माणसं संगणकाचा व्हायरस वापरून शिळेचा नायनाट करतात. पहिल्या भागात जिच्यासमोर आदिमानव थरारला होता, तिचा शेवट असा होतो. आजही वाचकांच्या मनात राहिली आहे ती पहिली शिळा, काहीही न बोलणारी.

क्लार्क १९५६ पासून श्रीलंकेत राहिले, आणि आपल्याकडच्या वाचकाला जवळची वाटावी अशी त्यांची कादंबरी १९७३ ची: ‘राँदेव्हू विथ रामा’. बाविसाव्या शतकात सूर्यमालेत एक वस्तू शिरते. खगोलशास्त्रज्ञांकडची ग्रीक-रोमन देवांची नावं तोवर संपलेली असतात, म्हणून ते हिंदू दैवतांकडे वळलेले असतात, आणि पाहुण्याचं नाव ठेवलं जातं राम. लघुग्रह समजलेली ती वस्तू जवळून पाहिल्यावर निघते एक गुळगुळीत, पोकळ नळकांडं, ५० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद. नवी मुंबईतल्या वाशीत त्याचं एक टोक टेकवलं तर दुसरं सरळ रेषेत खोपोलीच्या आसपास जाईल. रुंदी इतकी, की वाशीपासून खाडी ओलांडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या जवळपास पोहोचावं.

कमांडर नॉर्टन यांचं पथक आत उतरतं. आत गोठलेला समुद्र आहे, जिने आहेत, शहरांसारख्या वास्तू आहेत, पण जीव नाही. यान सूर्याजवळ येतं तसे दिवे लागतात, समुद्र वितळतो, आणि अर्धे यंत्र अर्धे जीव असे कामगार पाण्यातून बाहेर पडून साफसफाईला लागतात. माणसांची ते दखलही घेत नाहीत. बुधावर वसलेल्या मानवी वस्तीला या पाहुण्याची भीती वाटते, म्हणून ती त्याच्यावर अण्वस्त्र रोखते. पथकातलाच एक जण ते निकामी करतो. आणि राम? तो सूर्याजवळून ऊर्जा घेतो आणि आल्या वाटेला न जाता पुढच्या प्रवासाला निघून जातो. माणूस त्याच्या लेखी वाटेवरचा मुक्कामही नव्हता. कोणी बांधलं, कशासाठी, काहीच कळत नाही. या कादंबरीला ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. १९८९ पासून जेंट्री ली यांच्यासह आलेल्या पुढच्या भागांनी रामाचा हेतू उलगडून सांगितला. त्या भागांना पहिल्या कादंबरीचा मान मिळाला नाही.

क्लार्क यांची यानं माणसाकडे दुर्लक्ष करतात किंवा त्याला पुढे ढकलतात. दुसऱ्या घराण्यातली यानं त्याला संपवायला येतात. फ्रेड सेबरहेगन यांनी १९६३ पासून ‘बर्सर्कर’ यंत्रांच्या कथा लिहिल्या. कधीकाळी दोन परक्या जमाती लढल्या, एकीने दुसरीला मारण्यासाठी ही स्वयंचलित यंत्रं बनवली. दोन्ही जमाती नामशेष झाल्या, यंत्रं मात्र दिसेल तो जीव मारत आकाशगंगेत फिरत राहिली. इथे उगम कळतो आणि तो कळूनही उपयोग नसतो, कारण जाब विचारायला कुणी उरलेलं नाही. चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या २००८ मधल्या ‘द डार्क फॉरेस्ट’ या कादंबरीत हाच धसका अधिक नेमका आहे. परग्रहावरून एक लहानसं, आरशासारखं चकचकीत, थेंबाच्या आकाराचं यान येतं. त्याचं सौंदर्य पाहून माणसांना ते शांततेची भेट वाटतं. त्याच्या स्वागताला जवळजवळ दोन हजार युद्धनौकांचा ताफा शिस्तीत उभा राहतो आणि थेंब एकेक नौका भेदत जातो. त्याच्या पृष्ठभागाचे अणू विलक्षण घट्ट बांधलेले आहेत हे शास्त्रज्ञांना कळतं, पण फार उशिरा.

अशा यंत्रांवर शास्त्रज्ञांमध्येही गंभीर वाद झाला आहे. स्वतःच्या प्रती तयार करणाऱ्या यंत्राचं गणित जॉन फॉन नॉयमन यांनी मांडलं होतं. १९८० मध्ये फ्रँक टिपलर यांनी त्यावरून युक्तिवाद केला: एखाद्या प्रगत संस्कृतीने अशी स्वप्रजननक्षम यानं सोडली असती तर आकाशगंगेच्या वयाच्या मानाने फार थोड्या काळात ती सगळीकडे पोहोचली असती. ती इथे दिसत नाहीत, म्हणजे तशी संस्कृतीच नाही. १९८३ मध्ये कार्ल सेगन आणि विल्यम न्यूमन यांनी उत्तर दिलं. अनिर्बंध वाढणारी अशी यंत्रं सारी आकाशगंगा गिळायला निघतील, आणि इतकी समज असलेली कुठलीही संस्कृती ती बनवणार नाही, बनू देणार नाही. एकाने यानाच्या गैरहजेरीतून निष्कर्ष काढला, दुसऱ्यांनी शहाणपणातून.

तिसरं घराणं परतून येणाऱ्यांचं. ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या १९६७ च्या एका भागात नोमॅड नावाचं विध्वंसक यंत्र येतं. ते पृथ्वीवरूनच सुटलेलं असतं. वाटेत एका परक्या यानाशी त्याची गाठ पडून दोघांच्या आज्ञांची सरमिसळ झालेली असते. १९७९ च्या ‘स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर’ मध्ये हीच कल्पना मोठी झाली. पृथ्वीकडे झेपावणारा प्रचंड ‘व्हीजर’ आपल्या निर्मात्याला शोधत असतो. त्याच्या गाभ्यात सापडतं माणसांनीच पाठवलेलं ‘व्हॉयेजर ६’, नावाच्या पाटीवरची काही अक्षरं धुळीने झाकलेलं. यान हाती आलं, पाटी पुसली, उगम कळला, आणि तो उगम आपणच निघालो.

याच मालिकेचा १९८६ चा चित्रपट ‘द व्हॉयेज होम’ नेमका उलट वागतो. तेविसाव्या शतकात एक दंडगोलाकार यान पृथ्वीवर येतं आणि समुद्राकडे रोखून एक आवाज काढत राहतं. त्या आवाजाने महासागर उकळू लागतात, वीज बंद पडते. तो आवाज कुबड असलेल्या देवमाशांच्या गाण्याचा आहे, आणि देवमासे माणसाने एकविसाव्या शतकात संपवलेले आहेत. नायक काळात मागे जाऊन देवमाशांची एक जोडी घेऊन येतात. देवमासे उत्तर देतात, यान शांत होतं, निघून जातं. ते काय बोलले, हे प्रेक्षकाला कळत नाही. दिग्दर्शक लिओनार्ड निमॉय यांनी त्या संभाषणाला उपशीर्षकं देण्यास नकार दिला होता. यानाच्या उगमाचं कुतूहल पुढे इतकं टिकलं की १९९२ मध्ये त्यावर ‘प्रोब’ नावाची स्वतंत्र कादंबरी निघाली. चित्रपटाला मात्र त्या उत्तराची गरज पडली नव्हती. आपण ज्याला संपवलं त्याच्याशीच बोलायला कुणी आलं तर काय, या प्रश्नाचं ओझं माणसाच्या खांद्यावर राहावं, ही त्याची मागणी होती.

यान किंवा परक्यांची दुसरी खूण कायमची हातात राहूनही उगमाचा पत्ता लागत नाही, असंही होऊ शकतं. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांच्या १९६८ मधल्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ मध्ये यान नाही, फक्त आकाशातून येणारा संकेत आहे. मोठमोठे शास्त्रज्ञ एकत्र बसून तो उलगडू पाहतात. थोडं काही हाती लागतं, पण तो खरंच कुणी पाठवलेला निरोप आहे की निसर्गाचीच क्रिया, हेही ठरत नाही. आर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या भावांच्या १९७२ च्या ‘रोडसाइड पिकनिक’ मध्ये परके येऊन गेलेले आहेत आणि मागे राहिलेल्या वस्तूंचा माणसं बाजार मांडून बसली आहेत. वस्तू वापरता येतात, समजत नाहीत.

मराठीत आकाशाची वाट तशी लवकर उघडली. ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० साली ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाचं रूपांतर ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने येऊ लागलं. पण मराठी विज्ञानकथेला बळ मिळालं ते १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धांमुळे. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर सापडतात. त्यानंतर ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आला, परग्रहावरच्या संस्कृतीशी संपर्क हा विषय घेऊन ‘प्रेषित’ ही कादंबरी आली, आणि १९८६ मध्ये या आढाव्यात ज्याला हक्काची जागा आहे ते ‘वामन परत न आला’ आलं.

या कादंबरीत यान आकाशातून येत नाही, जमिनीखाली निघतं. वैज्ञानिक प्रकल्पासाठी खोदकाम चालू असताना एक पेटी सापडते. तिच्यात नाहीशा झालेल्या एका प्रगत संस्कृतीचं ज्ञान साठवलेलं आहे. शास्त्रज्ञ ते उलगडतात आणि त्या सूचनांवरून वामन हा यंत्रमानव घडवतात. पुढचा प्रश्न वामनाच्या स्वतःच्या इच्छेचा आहे. पेटी पाठवणारे का संपले, याचं उत्तरही त्याच्यातच दडलेलं आहे. नारळीकरांनी केंब्रिजला ज्यांच्या हाताखाली संशोधन केलं ते फ्रेड हॉइल स्वतः विज्ञानकथाकार होते. हॉइल आणि जॉन एलियट यांच्या ‘ए फॉर अँड्रोमिडा’ या १९६१ च्या बीबीसी मालिकेत अंतराळातून आलेल्या सूचनांवरून माणसं यंत्र बांधतात. गुरूच्या कथेतला निरोप आकाशातून उतरला, शिष्याच्या कथेतला मातीतून वर आला. दोघांच्याही मते यंत्राचं सामान परक्यांनी पाठवायची गरज नाही. आराखडा पोहोचला की उरलेलं काम उत्सुक माणूस स्वतः करतो.

क्लार्क आणि नारळीकर यांच्या वाटा इथे वेगळ्या होतात. क्लार्कचा राम न उघडता जातो. नारळीकरांची पेटी उघडलीच जाते, वाचली जाते, तिचं विज्ञान पायरी-पायरीने समजावलं जातं. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या पिढीवर विज्ञान समजावून सांगण्याची जबाबदारी होती, आणि ती त्यांनी मनापासून निभावली. त्यामुळे मराठी विज्ञानकथेत गूढ बहुधा सुटतं. याचा तोटा असा, की न सुटलेल्या गूढाची सवय मराठी वाचकाला फार लागली नाही. फायदा असा, की गूढ सोडवायला काय काय लागतं, निरीक्षण, गणित, पुराव्याची जुळवाजुळव, हे त्याला कथेतूनच कळलं. लाडबोरीचं कडं ओळखायला नेमकं तेच लागलं होतं.

नारळीकरांनी हा शोध कथेपुरता ठेवला नाही. धूमकेतूंमधून सूक्ष्मजीव पृथ्वीवर उतरतात, हे हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचं मत. ते तपासण्यासाठी नारळीकरांच्या पुढाकाराने हैदराबादहून मोठे बलून सोडून सुमारे ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले गेले. २००५ च्या उड्डाणातल्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचं इस्रोने २००९ मध्ये जाहीर केलं. एकीला हॉइल यांचं नाव दिलं गेलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. त्या पृथ्वीबाहेरूनच आल्या, असं या प्रयोगातून सिद्ध झालेलं नाही, आणि शास्त्रज्ञांनीही तसं म्हटलं नाही. हातात नमुना असूनही उगम मोकळाच राहिला. याच्याही आधी, १९७३ मध्ये, फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल यांनी एक सूचना मांडली होती: पृथ्वीवरचं जीवन कुणी तरी यानातून मुद्दाम पाठवलेलं असू शकतं. तसं असेल तर परकं यान शोधायला बाहेर पाहायची गरज नाही. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. मराठीतला हा संवाद पुढे चालवणारं त्यांच्या तोलाचं नाव अजून पुढे आलेलं नाही, आणि ती उणीव जाणवते.

परक्या यानाची कल्पना विज्ञानात रीतसर मांडली रोनाल्ड ब्रेसवेल यांनी, १९६० मध्ये ‘नेचर’ मधल्या लेखात. दूरच्या ताऱ्यावरून रेडिओ संदेश पाठवत बसण्यापेक्षा प्रगत संस्कृती आपली यानं ताऱ्यांभोवती आणून उभी करेल. ती तिथल्या रेडिओलहरी ऐकतील आणि ऐकलेलंच परत पाठवून आपली ओळख देतील. १९२० च्या दशकात काही रेडिओ संकेतांचे प्रतिध्वनी अनेक सेकंद उशिरा ऐकू आल्याची नोंद होती. १९७३ मध्ये डंकन लुनन या स्कॉटिश लेखकाने त्या उशिरांचा आलेख मांडून त्यात भूतप तारकासमूहाचा नकाशा पाहिला आणि यान तिथूनच आल्याचा दावा केला. पुढे त्याने तो मागे घेतला. प्रतिध्वनी ऐकणाऱ्याला नकाशा हवा होता, म्हणून तो दिसला. कथालेखकाला ही मुभा असते, निरीक्षकाला नसते.

मग १९ ऑक्टोबर २०१७ ला हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला ‘ओमुआमुआ’ दिसला, सूर्यमालेबाहेरून आलेला पहिला ज्ञात पाहुणा. तो सापडण्याआधीच सूर्याला वळसा घालून परत निघाला होता, आणि पृथ्वीच्या सर्वांत जवळून पाच दिवसांपूर्वी गेला होता. शोधकांच्या मनात ‘राम’ हे नावही आलं होतं. त्याचा उजेड सुमारे दहापट कमी-जास्त होत होता, म्हणजे आकार फार लांबट किंवा फार चपटा असणार. शेपटी दिसत नव्हती, तरी गुरुत्वाकर्षणाने होईल त्यापेक्षा त्याचा वेग किंचित जास्त होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये श्मुएल बिआली आणि अवी लोब यांनी हे कृत्रिम प्रकाशशीड असू शकतं, असं लिहिलं. ग्रीन बँकच्या दुर्बिणीने त्याआधीच कान लावला होता. काही ऐकू आलं नव्हतं. २०२१ मध्ये नायट्रोजनच्या बर्फाचं, २०२३ मध्ये बर्फात अडकलेल्या हायड्रोजनचं स्पष्टीकरण आलं. बहुतेक शास्त्रज्ञ तो नैसर्गिकच मानतात. पण जानेवारी २०१८ नंतर तो कुठल्याच दुर्बिणीच्या आवाक्यात राहिला नाही. जेमतेम अडीच महिन्यांच्या निरीक्षणांवर सारा वाद उभा आहे आणि नवं निरीक्षण कधीच मिळणार नाही. रामाचंच भवितव्य त्याच्या वाट्याला आलं.

पुढचे दोन पाहुणे अधिक मोकळे निघाले. ऑगस्ट २०१९ मध्ये हौशी निरीक्षक गेन्नादी बोरिसोव यांना सापडलेला ‘२आय/बोरिसोव’ सरळ धूमकेतू होता. १ जुलै २०२५ ला चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला ‘३आय/अ‍ॅटलास’ दिसला, आणि लोब यांच्या नव्या तर्कांमुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात समाजमाध्यमांवर परक्या यानाची लाट आली. वाशीसारख्या ठिकाणी, जिथे पाम बीच रस्त्याचे दिवे आणि बाजार समितीच्या आवाराचा उजेड रात्रभर आकाश धुवून काढतात, तिथे अशा वेळी आकाशापेक्षा मोबाइलचा पडदाच जास्त पाहिला जातो. ‘३आय/अ‍ॅटलास’ तर नुसत्या डोळ्यांना कुठूनच दिसणार नव्हता. पण या वेळी पाहुणा महिनोन्‌महिने दुर्बिणींच्या आवाक्यात होता. त्याच्याभोवतीचं वायूचं आवरण दिसलं, त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असल्याचं जेम्स वेब दुर्बिणीने दाखवलं, माउंट अबूच्या भारतीय वेधशाळेनेही त्याची निरीक्षणं घेतली. धूमकेतू म्हणून त्याची ओळख पक्की झाली. वेळ मिळाला, म्हणून उत्तर मिळालं.

आपण स्वतः पाठवलेल्या यानांचं भवितव्य महाराष्ट्रातूनही ऐकलं गेलं आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना एरवी दूरच्या दीर्घिका ऐकतात. १९ ऑक्टोबर २०१६ ला त्यांनी मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय ‘स्कियापरेली’ यानाचा क्षीण संकेत पकडला. तो उतरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या आधीच थांबला. पुढे तपासात कळलं, की यानाच्या संगणकाने उंचीचा हिशेब चुकवला. आपण जमिनीला लागलो असं समजून छत्री लवकर सोडली आणि यान आदळलं. मंगळावर कुणी असतं तर त्यांच्या दृष्टीने तेही आकाशातून पडलेलं अनोळखी यंत्रच होतं.

आपणही कुणाचे तरी परके आहोत, याचा सर्वांत जिवंत पुरावा मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची ध्वनिमुद्रिका आहे. तिच्यात ५५ भाषांमधल्या शुभेच्छा आहेत आणि मराठीतलाही एक छोटा नमस्कार आहे. संगीताच्या विभागात भारतातून एकच रचना आहे: गोव्यातल्या केरीच्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या केसरबाई केरकर यांची राग भैरवीतली साडेतीन मिनिटं. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबरला उड्डाण केलं आणि १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाई गेल्या. त्यांचा सूर २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडला. आज तो अडीच हजार कोटी किलोमीटरांच्या पलीकडे आहे.

या यानाचा उगम कळावा याची तजवीज पाठवणाऱ्यांनी केली होती, हे महत्त्वाचं. मुद्रिकेच्या झाकणावर १४ स्पंदकांच्या संदर्भाने सूर्याची जागा कोरली आहे. युरेनियम-२३८ चा एक ठिपकाही आहे. तो किती क्षय पावला ते मोजून किती काळ लोटला याचा हिशेब लावता येईल. क्लार्कच्या पिरॅमिडने माणसाला काहीच सांगितलं नाही. माणसाने मात्र आपलं यान पाठवताना पहिल्या प्रश्नाचं उत्तर झाकणावरच कोरून दिलं. भवितव्याचं तसं नाही. साधारण ४०,००० वर्षांनी व्हॉयेजर १ ग्लीझ ४४५ या ताऱ्यापासून पावणेदोन प्रकाशवर्षांच्या आत असेल. त्याच्या कितीतरी आधी, पुढच्या काही वर्षांतच, त्याची वीज संपून ते मुकं होईल.

या प्रश्नांना आता नवी साधनं मिळत आहेत. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये आली. तिच्या ८.४ मीटरच्या आरशामुळे बाहेरचे पाहुणे पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त संख्येने सापडतील, अशी अपेक्षा आहे. युरोपीय अवकाश संस्थेचं ‘कॉमेट इंटरसेप्टर’ २०२९ च्या सुमारास निघायचं आहे. लक्ष्य ठरलेलं नसताना ते अवकाशात जाऊन थांबेल आणि योग्य धूमकेतू किंवा नशिबाने एखादा परका पाहुणा दिसला की त्याच्याकडे जाईल. निघून जाणाऱ्याला निदान एकदा जवळून पाहता यावं, यासाठीच ही मोहीम आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी ऑलिंपियाड मुंबईत भरलं. त्याचं आयोजन करणारं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे, वाशीहून खाडीपूल ओलांडला की पहिल्याच स्टेशनावर. तिथल्या प्रश्नपत्रिका सोडवणारी मुलं उद्या ‘४आय’ शोधतील आणि त्याची कक्षा काढतील. त्यांच्यासाठी कथा लिहिणारे हवे आहेत. मराठी दिवाळी अंकांना दरवर्षी विज्ञानकथा लागतात. सिंदेवाहीचं कडं, खोडदला थांबलेला संकेत, केसरबाईंची भैरवी असा ऐवज मराठीच्या घरातच आहे. यापुढच्या कथांनी नारळीकरांचा काटेकोरपणा ठेवावा, आणि कधी तरी एखादी पेटी न उघडता जाऊ द्यावी, एवढी मागणी वाचक करू शकतात.